वाळवंट या शब्दाचा दुसरा अर्थ

मराठीत ‘वाळवंट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत. पहिला आपल्याला शाळेतल्या भूगोलात भेटतो : सहारा, थर, उंट, मृगजळ, जिथे पाणी नाही आणि म्हणून माणूस नाही अशी जागा. दुसरा अर्थ जुना आहे. नदीचे पाणी ओसरल्यावर काठाशी वाळू उघडी पडते, ते वाळवंट. चंद्रभागेचे वाळवंट ही वारकऱ्याच्या लेखी जगातली सर्वांत गजबजलेली जागा. संतांच्या अभंगांत वाळवंट येते ते खेळाचे, नाचाचे, भेटीचे ठिकाण म्हणून. निर्मनुष्यता आणि मेळा हे दोन्ही अनुभव एकाच शब्दात राहतात, आणि कोणता अर्थ केव्हा लागू करायचा हे बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असते.

२००३ साली गिरगावातली खोली सोडून मी नामपूरला राहायला निघालो तेव्हा आमच्या आप्तांनी हा शब्द पहिल्या अर्थाने वापरला. मुंबईतल्या वेगवेगळ्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर मराठी शिकवण्यात माझी बारा वर्षे गेली होती. नामपूरच्या महाविद्यालयात कायम जागा मिळाली, ही बातमी आनंदाचीच होती. पण नकाशावर बोट ठेवून गाव दाखवल्यानंतर चेहरे उतरले. “म्हणजे मालेगावच्याही पुढे?” “तिथे पाणी असते का?” “चार वर्षे काढ आणि बदली करून घे.” ‘वाळवंटात चालला आहेस’ हे वाक्य निरोपाच्या त्या आठ-दहा दिवसांत मी इतक्या वेळा ऐकले, की माझ्या सहासष्ट वर्षांच्या आईने एका मावशीला शेवटी विचारले, “अगं, पण माणसे राहतात ना तिथे? मग झाले तर.”

भूगोलाच्या काटेकोर व्याख्येत नामपूर हे वाळवंट नव्हे. महाराष्ट्रात ते कुठेच नाही. आपल्याकडे आहे तो सह्याद्रीचा पर्जन्यछायेचा प्रदेश, आणि त्याची क्रूर गंमत अशी की पाऊस दूर नसतो, दिसतो. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांत तो धो धो कोसळतो. तेच ढग डोंगर ओलांडून बागलाणात उतरतात तेव्हा बहुतेक रिकामे झालेले असतात. बागलाण तालुक्याचे मुख्य ठाणे सटाणा. नामपूर त्याच तालुक्यात, मोसम नदीच्या काठी. नदी उगम पावते ती साल्हेर-मुल्हेरच्या डोंगररांगेत. ताहाराबाद, नामपूर असे करत ती मालेगावला पोहोचते आणि पुढे गिरणेला मिळते. वरच्या अंगाला हरणबारीचे धरण आहे. त्यामुळे नदीत पाणी असणे ही इथे निसर्गाची गोष्ट कमी आणि आवर्तनाची, म्हणजे धरणातून ठरल्या वेळी सोडल्या जाणाऱ्या पाण्याची, गोष्ट जास्त आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आकाशाकडे पाहायचे आणि उरलेल्या आठ महिन्यांत विहिरीत डोकवायचे, असे इथले वर्ष.

मी आलो तो जून कोरडा होता. आभाळ प्रचंड होते. गिरगावात आभाळ दोन इमारतींच्या मधल्या पट्टीएवढे दिसे. इथे ते क्षितिजापासून क्षितिजापर्यंत पसरलेले आणि पूर्णपणे निरुपयोगी. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख भरली. त्या संख्येचा एक घटक म्हणून वाढलेल्या माणसाच्या शरीरात गर्दी एखाद्या इंद्रियासारखी असते. ती काढून घेतली की पहिला बिघाड कानात होतो. ट्रामचे रूळ उखडल्यानंतरही गिरगावचा रस्ता कधी झोपला नाही. शेजारच्या खोलीतला खोकला, गॅलरीतली पावले, पहाटेचा दूधवाला, या सगळ्यांवर आमची झोप रेललेली असे. नामपुरात रात्री साडेनऊनंतर कुत्री तेवढी बोलत. आई पहिले तीन आठवडे झोपली नाही. ‘भीती वाटते का?’ असे विचारले तर म्हणाली, “भीती नाही रे. कुणी जागे आहे असे वाटत नाही.”

तिचे हे वाक्य मला नंतर फार उपयोगी पडले. एखादी जागा ओसाड वाटते म्हणजे नेमके काय वाटते, याचे ते उत्तर होते. माणसांची संख्या कमी आहे हा मुद्दा नव्हता. आपल्यासाठी कुणी जागे आहे की नाही, हा होता.

आईचे हे पहिले स्थलांतर नव्हते. रत्नागिरीकडच्या एका वाडीतून ती लग्न होऊन गिरगावातल्या एका खोलीत आली, तेव्हा अठरा वर्षांची होती. ते स्थलांतर उलट दिशेचे होते, झाडांतून माणसांत. पण तिच्या सांगण्यावरून तेव्हाही तिला झोप लागली नव्हती. चाळीतल्या नळावरच्या पहाटेच्या रांगेत तिला पहिली ओळख मिळाली. नामपुरात आल्यावर तिने गावातली पहिली गोष्ट विचारली ती हीच : पाणी किती वाजता येते आणि कुठे भरायचे.

आणि चाळ इथेही होती. पु. ल. देशपांड्यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ची. आमच्या घरात तिची वाक्ये म्हणींसारखी वापरली जात. नामपुरात कळले की इथे प्रत्येक शेतकऱ्याची स्वतःची चाळ असते, आणि ती कांद्याची असते. जमिनीपासून उचललेला तळ, दोन्ही बाजूंनी हवा खेळावी म्हणून फटी ठेवलेल्या भिंती, वर उतरते छप्पर. एप्रिल-मे महिन्यांत काढलेला उन्हाळ कांदा त्यात भरायचा आणि भावाची वाट पाहत दिवाळीच्या आसपासपर्यंत सांभाळायचा. बटाट्याच्या चाळीतून कांद्याच्या चाळीत आलो, हा विनोद मी पहिल्या वर्षी पुष्कळ ठिकाणी केला. तो ऐकून एका शेतकरी पालकांनी शांतपणे विचारले, “तुमच्या चाळीत माल किती दिवस टिकायचा, सर?” खरोखर, हवा खेळती राहिली तर कांदा टिकतो आणि कोंडली तर सडतो, हा नियम आमच्या चाळीलाही लागू होताच.

वर्गात मात्र विनोद चालेना. मराठीचा प्राध्यापक म्हणून मी जी पेटी बरोबर आणली होती, तिच्यात निसर्गकविता म्हणजे हिरवळ, श्रावण, झरा आणि प्राजक्त. आपल्या पाठ्यक्रमांतला निसर्ग बहुधा ओला असतो. नामपुरातल्या वर्गात खिडकीबाहेर बाभूळ, पिवळसर माळ आणि दूरवर साल्हेरच्या बाजूचे निळसर डोंगर. समोरच्या मुलांना श्रावण ठाऊक होता, पण ती त्याच्याकडे कवितेचा विषय म्हणून पाहत नसत. पावसाने ओढ दिली तर बाजरी करपणार, हा त्यांचा श्रावण. बालकवी शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, हे कवी कोकणातले का?” मी सांगितले, की त्र्यंबक बापूजी ठोमरे हा मुलगा १८९० साली धरणगावात जन्मला. धरणगाव जळगाव जिल्ह्यातले, म्हणजे खानदेशातले. आणि १९१८ साली त्याचा मृत्यू झाला तोही खानदेशातच, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली. वर्गात थोडी चुळबुळ झाली. मग तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे आमच्याकडचेच. मग बरोबर आहे. ज्याला हिरवे कमी दिसते त्यालाच ते इतके दिसणार.”

बालकवींवरच्या समीक्षेत त्यांचा आनंद, त्यांची उदासी, त्यांचे बालपण यांची चर्चा झालेली आहे. पण कमी पावसाच्या मुलखात जन्मलेला कवी म्हणून त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी त्या तासाला मला वर्गाकडून मिळाली. हे वाचन सर्वस्वी मान्य करावे असे नाही. पुढच्या आयुष्यात बालकवी गावोगाव फिरले, आणि कवीच्या प्रतिमांचा उगम त्याच्या जन्मगावाच्या पर्जन्यमानात शोधणे ही टीकेची फार ढोबळ रीत होईल. तरीही त्या मुलीच्या वाक्यात एक सत्य आहे. अभाव हासुद्धा निरीक्षणाचा गुरू असतो. ना. धों. महानोरांच्या १९६७च्या ‘रानातल्या कविता’ वाचताना तो ओलावा किती तहानेतून आलेला आहे हे मला नामपुरात नव्याने जाणवले. पळसखेडच्या त्या कवीला पाऊस शोभेसाठी लागत नव्हता.

दुसरा प्रश्न भाषेचा. ही मुले घरी अहिराणी बोलत आणि वर्गात गप्प बसत. ‘इथे’ला ‘आठे’, ‘तिथे’ला ‘तठे’, ‘आहे’ला ‘शे’ म्हणणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत उत्तर द्यायचे म्हणजे मनातल्या मनात एक नदी ओलांडावी लागते, आणि आपल्या तासाला पन्नासच मिनिटे असतात. त्यातही नामपूरचे स्थान विचित्र आहे. बोलीने खानदेशाशी जोडलेले, पण जिल्हा नाशिक, आणि म्हणून विद्यापीठ पुण्याचे. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले आणि २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. नामपूरच्या मुलाची पदवी मात्र पुण्याच्या विद्यापीठाचीच राहिली. त्याला बहिणाबाई अभ्यासक्रमात ‘बोलीतील काव्य’ म्हणून भेटतात, आणि ज्या बोलीला तळटीप लागते तिच्यासारखीच बोली त्याची आजी चुलीपाशी बोलत असते. तळटीप कोणासाठी, हा प्रश्न तो विचारत नाही. शिक्षकाने तो विचारावा लागतो.

तिसऱ्या वर्षापासून मी एक साधी गोष्ट सुरू केली. चाचणीतला एक प्रश्न अहिराणीत लिहायची मुभा दिली. गुण नव्हते, फक्त वाचन होते. पहिल्या खेपेस सत्तरांपैकी नऊ जणांनी लिहिले. पाणी या विषयावरच्या त्या नऊ कागदांत मला विहिरींची नावे मिळाली, कोणत्या विहिरीवर कोणाला पूर्वी पाणी भरू देत नसत हे मिळाले, १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आजीचा हात मिळाला. मुंबईच्या बारा वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांनी मला इतके दिले नव्हते. ती दोष देण्याची गोष्ट नाही. तिथे मी दर जूनला नव्या इमारतीत असे.

ज्या भागाला दुर्गम म्हणण्याची आज सवय झाली आहे, तो नेहमीच तसा नव्हता. मुल्हेर ही बागुल राजांची राजधानी. संस्कृतात तिचे नाव मयूरगिरी. रुद्रकवीने १५९६ साली याच दरबारात ‘राष्ट्रौढवंश’ हे महाकाव्य रचले, आणि १९१७ साली ते बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत छापले गेले. गुजरातच्या बंदरांकडून दख्खनकडे येणारा रस्ता या खोऱ्यांतून जात असल्याने मोगलांनाही हा मुलूख हवा होता. १६३८ साली त्यांनी तो घेतला. १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगल फौजेचा पराभव केला. म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकांत बागलाण जगाच्या रस्त्यावर होते. पुढे रस्ते बदलले, मग लोहमार्ग मनमाडवरून गेला आणि मोसमचे खोरे बाजूला राहिले. दुर्गमता ही बऱ्याचदा डोंगरांची करणी नसते. रस्ता दुसरीकडून काढला की ती तयार होते.

इथल्या माणसांनी कमी पाण्यात जगण्याची जी व्यवस्था लावली, ती तर मला एखाद्या ग्रंथासारखी वाटत आली आहे. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर काही शतके ‘फड’ पद्धत चालत आली. नदीला दगडी बंधारा घालायचा, पाटाने पाणी शिवारात आणायचे, आणि भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड, करायचे. एका फडात एका हंगामात एकच पीक. कोणत्या फडात काय, हे गावाने बसून ठरवायचे. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असायची. पाणी कमी पडले की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा कुणा एकाच्या वाट्याला न जाता सर्वांच्या अंगावर थोडाथोडा येतो. पाणी फिरवायला पाटकरी नेमलेला. त्याने कुणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचे हे ठरलेले. विहिरी, विजेचे पंप आणि धरणाचे कालवे आले तशी ही व्यवस्था बरीच विरली. तिला सुवर्णयुग म्हणण्याचे कारण नाही; गावात जमीन कुणाकडे होती आणि कुणाकडे नव्हती, हा प्रश्न फडाने सोडवला नव्हता. पण तोटा वाटून घेण्याची कल्पना दुष्काळी मुलखाने शोधावी, यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे. गिरगावातल्या नळाच्या रांगेतही एक अलिखित पाटकरी असे, हे आईने मला सांगितले तेव्हा दोन जागांमधले अंतर जरासे आक्रसले.

बाहेरून आलेल्या माणसाला हा प्रदेश कसे वागवतो, याचे एक उत्तर सटाण्यात आहे. तिथे ‘देव मामलेदार’ या नावाने यशवंतराव महाराजांचे मंदिर आहे आणि दर वर्षी मोठी यात्रा भरते. हे यशवंतराव महादेव भोसेकर इंग्रजी अमलातले सरकारी अधिकारी, मामलेदार. नोकरीच्या फिरतीत सटाण्याला आलेले. १८७०-७१च्या दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, अशी त्यांची ख्याती. १८८७ साली ते नाशिकला वारले. महसूल वसूल करायला नेमलेल्या अधिकाऱ्याचे देऊळ व्हावे, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात विरळाच. सटाण्याचा हा देव बदलीवर आलेला देव आहे, हे मला फार आवडते.

दुसरे नाव साने गुरुजींचे. पालगडचा, म्हणजे दापोलीकडच्या हिरव्यागार कोकणातला हा तरुण १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाला आणि १९३० साली सत्याग्रहासाठी नोकरी सोडीपर्यंत तिथे राहिला. खानदेशानेच त्यांना ‘गुरुजी’ केले. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली. कोकणातले ते घर, ती आई, ते पाणी कोकणाबाहेर, कोरड्या बाजूला राहून लिहिले गेले, ही गोष्ट शिकवताना आपण क्वचितच सांगतो. माझ्या आईने ते पुस्तक नामपुरात पुन्हा वाचले. ती म्हणाली, “हा माणूस तिथेच राहिला असता तर त्याला हे इतके आठवले नसते.” त्या विद्यार्थिनीचे आणि आईचे म्हणणे एकच होते, आणि दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

या सगळ्यावरून कुणी असा समज करून घेऊ नये, की गर्दीचे शहर सोडून दूरच्या गावी जाणे म्हणजे आत्म्याची शुद्धी. त्या प्रकारचे लेखन मला वाचवत नाही. ते बहुधा सुटीवर आलेल्या माणसाने केलेले असते. इथे राहण्याची किंमत असते आणि ती महिन्याच्या महिन्याला द्यावी लागते. मराठी नाटक मी वीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतके पाहिले. हवे ते पुस्तक हाती यायला पूर्वी पंधरा दिवस लागत. आजारपणात मोठ्या रुग्णालयाचे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, श्वासांत मोजावे लागते. आडनाव विचारल्यावर समोरचा माणूस क्षणभर थांबतो. तो कशाचा हिशेब करतो आहे हे आपल्याला कळते. शहरातल्या अनोळखीपणात एक स्वातंत्र्य आहे, आणि माझ्या काही विद्यार्थ्यांसाठी, विशेषतः मुलींसाठी आणि गावकुसाच्या आठवणी ज्यांच्या घरात अजून जाग्या आहेत अशांसाठी, ते स्वातंत्र्य जिवापेक्षा मोलाचे आहे. “कथा चालनात, सर?” असे मला रस्त्यात दहा जण विचारतात, ही माझ्यासाठी ऊब, एकोणीस वर्षांच्या मुलीला तोच प्रश्न पहारा वाटू शकतो. तिने मुंबईची वाट धरली तर तिला आडवण्याचा अधिकार माझ्यासारख्या उलट दिशेने आलेल्या माणसाला तर मुळीच नाही.

आणि त्या वाटेने जाणारे पुष्कळ आहेत. वर्गातली हजेरी इथे कांद्याच्या भावावरून ओळखता येते. २०२३च्या ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती २०२४च्या मे महिन्यात उठली. ही वाक्ये शहरातल्या वर्तमानपत्रात ‘ग्राहकाला दिलासा’ या शीर्षकाखाली येतात. इथे त्यांचा अर्थ असतो की तृतीय वर्षाची दोन मुले परीक्षेचा अर्ज भरणार नाहीत आणि नाशिकच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागतील. मी गर्दीतून इथे आलो त्या बावीस वर्षांत माझ्या वर्गातून गर्दीकडे किती जण गेले, याची यादी मी ठेवली नाही; फोनच्या यादीतली पुण्या-मुंबईची नावे पुरेशी बोलकी आहेत.

आई मात्र राहिली. दुसऱ्या वर्षापासून शेजारची मुले तिला ‘मोठमाय’ म्हणू लागली. तिने त्यांना उकडीचे मोदक शिकवले आणि स्वतः खापरावर मांडे करायला शिकली. तिचे मांडे अखेरपर्यंत फाटत राहिले. अहिराणी तिला नीट कधी आली नाही, पण संगमेश्वरी वळणाची मराठी आणि अहिराणी यांच्यात ओट्यावर तासन्‌तास चालणारे ते संभाषण ऐकताना प्रमाणभाषा ही गोष्ट कुणाला लागते, असा प्रश्न मला पडे. २०१५च्या नोव्हेंबरात ती गेली. मी अस्थी कोकणात न्याव्यात असे भावाचे मत होते; आईने काही सांगून ठेवले नव्हते.

पुढच्या वर्षी आखाजी आली. अक्षय तृतीयेला खानदेशात आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांसाठी घागर भरतात. नवी मातीची घागर पाण्याने भरायची, वर खरबूज, आंबा ठेवायचा आणि पितरांच्या नावाने पूजा करायची. २०१६चा तो उन्हाळा महाराष्ट्र विसरलेला नसेल. एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी, आणि तोही करंगळीएवढ्या धारेने. आम्ही घागर भरत नसू; आमच्याकडे ती रीत नव्हती, आणि त्या वर्षी एक घागर पाणी म्हणजे घरातल्या एका दिवसाची बेगमी होती.

सकाळी शेजारच्या काकू दारात आल्या. बरोबर नवी घागर होती, आणि ती रिकामी नव्हती. आपल्या घरच्या साठ्यातले पाणी त्यांनी तिच्यात भरून आणले होते. माझ्या पत्नीला म्हणाल्या, “मोठमायची पहिली आखाजी शे. तिला दुसरीकडे कुठे शोधू देऊ नका.” मी पाण्याबद्दल काही बोलू लागलो तर त्यांनी हात हलवून मला गप्प केले. मेलेल्यांच्या पाण्याचा हिशेब जिवंतांनी करायचा नसतो, असे काहीसे त्या अहिराणीत बोलल्या. ते शब्द मी नीट टिपून ठेवले नाहीत याची रुखरुख नाही. घागर कुठे ठेवली होती ती फरशी मला आजही दाखवता येते.

त्या वर्षी अस्थींचा प्रश्न आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. मोसमला पाऊस पडून पहिले पाणी आले तेव्हा भाऊ डोंबिवलीहून आला आणि आम्ही दोघांनी त्या पाण्यात आईला सोडले.

आता मी निवृत्त झालो आहे. भावाच्या इमारतीत एक सदनिका मोकळी आहे. मुलगी पुण्यात आहे. ‘आता तरी त्या वाळवंटातून बाहेर ये’, असे आप्त अजूनही म्हणतात, आणि त्यांच्या बोलण्यात माया असते. माझ्या पत्नीच्या गुडघ्यांना नाशिकचे रुग्णालय जवळ हवे आहे. हे कारण खरे आहे आणि त्यापुढे वाङ्मयीन युक्तिवाद चालत नाहीत. कदाचित वर्षातले काही महिने आम्ही तिकडे राहू. पण घर विकायचे नाही, एवढे ठरले आहे. आखाजीला इथे घागर भरायला माणूस लागतो.

नदीच्या पात्राकडे मी अजूनही संध्याकाळी जातो. तिथे जुन्या अर्थाचे वाळवंट फारसे उरलेले नाही. वाळू उपसली गेली, वेड्या बाभळी माजल्या. तरी उन्हाळ्यात, पात्र कोरडे पडले की, मुले तिथे क्रिकेट खेळतात, दोनचार म्हातारे दगडावर बसून भावाचे बोलतात, आणि मी दिसलो की बाजूला सरकून जागा करतात.